बॉम्ब शेल्टरमधलं डोकं

मंगळवारी सकाळी निशिकांतने शिरा केला, आणि नंदाला कळून चुकलं की आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

सण नव्हता, कुणाचा वाढदिवस नव्हता, लेकीची, राधिकाची, युनिव्हर्सिटीची परीक्षाही अजून लांब होती. ज्या नवऱ्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही साखरेचा डबा कुठला ते विचारावं लागतं, तो पाया लेबारच्या ऑफिसला जायच्या घाईत रवा भाजत उभा होता. वर वेलदोड्याची पूडसुद्धा घातली होती. "खा गं, गरम आहे तोवर," असं म्हणून तो तिच्याकडे न बघताच मोजे शोधायला आत गेला.

नंदाने शिरा खाल्ला. चांगला झाला होता. म्हणजे आधी कुठेतरी विचारून, नीट तयारी करून केलेला होता. त्यामुळे तर तिला जास्तच धास्ती वाटली.

नंदाचा संशयी स्वभाव सिंगापूरच्या बिशान भागातल्या मराठी मंडळींना चांगला ठाऊक होता. दह्याचा डबा ती कायम मागच्या रांगेतला उचलायची. टॅक्सीत बसली की ड्रायव्हर कुठे वळतो ते फोनवरच्या नकाशात ताडून बघायची. हळदीकुंकवाला कुणी "बारीक झालीस गं" म्हटलं, तर बोलणारीला माझ्याकडून काय हवंय, याचा विचार घरी येईपर्यंत चालायचा. पण तिचा तरी काय दोष? पुण्याहून लग्न होऊन सिंगापूरला आल्यापासून ती एका बँकेत निर्यातीचे कागद तपासत आली होती. एका कागदावर जहाजाचं नाव एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हे पकडायचं, एवढंच काम. ज्या बाईला विश्वास न ठेवण्याचा पगार मिळतो, ती घरी येऊन भोळी कशी होणार?

आणि शिऱ्याचं म्हणाल, तर त्या विद्येत नंदा स्वतःच गुरू होती.

तिच्या सासूबाई शेवटचं वर्षभर याच फ्लॅटमध्ये होत्या. त्यांच्या पोटात काय आहे ते डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बाहेर बोलावून सांगितलं. आपल्याकडे असं माणसाला तोंडावर सांगत नाहीत. "त्या धसका घेतील," असं सगळ्यांनी ठरवलं, आणि पुढची सगळी आघाडी नंदाने सांभाळली. त्यांना अल्सर आहे असं सांगायचं. औषधांची वेष्टनं फेकून द्यायची. पुण्याहून फोन आला की स्पीकरवर टाकायचा नाही. चेहरा हसरा ठेवायचा, आणि काही सुचेनासं झालं की स्वयंपाकघरात जाऊन साजूक तुपातला शिरा करायचा. निशिकांत रडवेला व्हायचा, नंदाच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. सासूबाई निमूटपणे खायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "छान झालाय गं नंदा. पण रोज रोज शिरा नको करूस." गोडाचा कंटाळा आला असेल, असं नंदाला वाटलं.

तेव्हा घरातला माणूस खोटं कसं बोलतो, याची तिला खडान्‌खडा माहिती होती. आणि आता तेच सगळं तिच्याभोवती चाललं होतं. चार वर्षांपूर्वी तिच्याही कानामागे गाठ निघाली होती.

गाठ वाईट होती, पण वेळेवर सापडली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. त्या रेडिएशनपेक्षा नंदाला त्या मास्कचीच जास्त भीती बसली. पांढऱ्या प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओली ओली अंथरतात. ती नाकाडोळ्यांवर घट्ट बसते आणि तशीच कडक होते. मग रोज तीच जाळी चेहऱ्यावर घालून कडेने टेबलाला पक्की करायची, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. "रिलॅक्स हां, आंटी," असं म्हणून तिथली पोरगी खोलीबाहेर निघून जायची. जिला बाहेर पळावं लागतं, ती मला रिलॅक्स व्हायला सांगते, असं नंदाला वाटायचं. उपचार संपले तेव्हा त्यांनी तो मास्क घरी नेता का विचारलं. "आत्ताच्या आत्ता टाकून द्या तो," नंदा निशिकांतला म्हणाली होती.

त्यानंतर दरवर्षी एकदा एमआरआय. तिथेही चेहऱ्यावर पिंजरा येतोच.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण नंदा ती आपण होऊन सांगणार नाही. या वर्षीच्या स्कॅनला ती गेलीच नव्हती. "तुम्ही कशाला रजा घेताय, मी जाऊन येते," असं म्हणून घरातून निघाली, हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचली, आणि त्या पिंजऱ्याच्या आठवणीने तिच्या तळहातांना असा घाम फुटला की तशीच मागे फिरली. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी बसून तिने दोन कप कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, प्यायली आणि घरी येऊन सांगितलं, "सगळं ठीक आहे." अगदी सासूबाईंना सांगायची त्याच आवाजात. निशिकांत "बरं झालं" म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

तेव्हा ती सुटले म्हणाली. आता शिरा खाताना वाटू लागलं, याने इतक्या सहज कसं मानलं? गेल्या वर्षीच्या स्कॅननंतर ती कपडे बदलत असताना डॉक्टर बाहेर याच्याशी काहीतरी बोलल्या होत्या. काय बोलल्या? गेल्या वर्षीच काहीतरी निघालं असेल, आणि यांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, की तिला सांगायचं नाही. ती धसका घेईल.

मग तिने कागद तपासावेत तसा नवरा तपासायला घेतला.

पहिली विसंगती लगेच सापडली. निशिकांत हेल्मेटबद्दल बोलायचा बंद झाला होता.

हे इतरांना साधं वाटेल, पण जे त्याच्या घरी जेवून गेलेत त्यांना वाटणार नाही. निशिकांत जहाजांच्या विम्याच्या कंपनीत अकाउंट्स बघायचा, पण त्याचा जीव होता अंतराळवीरांच्या जुन्या हेल्मेटांत. लहानपणी चंद्रावरच्या माणसाचा फोटो पाहिला, तेव्हा सगळ्यांनी त्याचे पाय बघितले, याने डोकं. तेव्हापासून पुठ्ठा, फायबरग्लास, जे हाती लागेल त्याची तो हेल्मेटं बनवत आला होता. घरात जे बॉम्ब शेल्टर असतं, युद्धबिद्ध झालंच तर लपायला म्हणून सरकारने बांधलेली जाड लोखंडी दाराची खोली, तिथे बाकीचे लोक सूटकेसी आणि तांदूळ ठेवतात. यांच्याकडे हेल्मेटं होती.

आमटी वाढून होईपर्यंत पाहुण्यांना सगळा इतिहास ऐकून झालेला असायचा. पहिली हेल्मेटं खूप उंचावरून विमान उडवणाऱ्या वैमानिकांच्या हेल्मेटांवरून आली. ती डोक्याला अगदी घट्ट, आतलं अस्तर ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापाचं. समोरची काच खाली ओढली की कडेच्या रबरात हवा भरायची आणि फट बंद व्हायची. पण घट्ट हेल्मेटमध्ये मान वळवायची, तर हेल्मेटही वळवायला हवं. चंद्रावर जायची वेळ आली तेव्हा डिझाइन करणाऱ्यांनी विचारच उलटा केला. हेल्मेट वळायलाच कशाला हवं? पारदर्शक प्लॅस्टिकचा एक मोठा गोल करा, तो गळ्याच्या कड्यावर पक्का बसवा, आणि आत डोकं हवं तिकडे फिरू दे. "केवढी अक्कल बघा," असं म्हणून निशिकांत थांबायचा. "आणि नाकाला खाज सुटली तर?" हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारायचंच, आणि त्याला ते फार आवडायचं. नाक दाबून कान मोकळे करण्यासाठी पुढे पुढे आत एक छोटा ठोकळा बसवायला लागले, त्यावरच नाक घासत असतील बिचारे, असं तो सांगायचा.

तर हा माणूस महिनाभर गप्प होता. शेल्टरमध्ये मात्र रोज जात होता, आणि आत गेल्यावर दार लावून घेत होता.

दुसरी विसंगती रविवारी दुपारी निघाली. नंदाचा डोळा लागला होता. कपाळाला काहीतरी गार लागलं म्हणून जागी झाली, तर निशिकांत शिवणाच्या डब्यातली टेप तिच्या डोक्याभोवती धरून वाकलेला.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. केस... केस वाढलेत तुझे, ते बघत होतो."

कपाळावरून केस मोजणारा नवरा तिने आजवर पाहिला नव्हता. संध्याकाळी तिने राधिकाला खोदून विचारलं. राधिकाने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "You think too much lah, Aai." पण कान लाल झाले होते. पोरीचे कान खोटं बोलताना लहानपणापासून लाल होतात.

आणि बुधवारी, कचऱ्याची पिशवी घेऊन ती दाराशी आली, तेव्हा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये निशिकांत दबक्या आवाजात फोनवर बोलत होता. "माप घेतलंय डोक्याचं. हो, घट्टच बसला पाहिजे, हलता कामा नये... नाही नाही, तिला इतक्यात कळू द्यायचं नाही... ऑक्टोबरच्या आत हवं."

घट्ट, हलता कामा नये, डोक्याचं माप. म्हणजे नवा मास्क. म्हणजे पुन्हा रेडिएशन. म्हणजे गाठ परत आली होती, तारीखही ठरली होती, आणि जिचं डोकं तिलाच सोडून सगळ्या जगाला ते ठाऊक होतं. तिला राग आला, आणि रागापेक्षा मोठी भीती वाटली. ती भीती तिने रात्रभर कुशीत घेऊन काढली, कारण विचारलं तर हा "सगळं ठीक आहे" म्हणेल आणि ते ऐकण्याची तिच्यात ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी निशिकांत ऑफिसला आणि राधिका कॉलेजला गेल्यावर तिने बॉम्ब शेल्टरचं दार ओढलं.

दिवा लावला, तर समोर फळीवर डोकं.

प्लास्टरचं, पांढरं, बाईचं. डोळे मिटलेले, केस नाहीत. ही कोण सटवी, हा पहिला विचार, आणि तो क्षणभर जवळजवळ सुखाचा वाटला. बाईचं प्रकरण असेल तर निदान निस्तरता तरी येतं. मग ती जवळ गेली. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर बारीक जाळीच्या खुणा उठल्या होत्या. त्या खुणा तिने ओळखल्या. रोज टेबलावरून उठल्यावर हॉस्पिटलच्या आरशात त्या तिच्याच गालांवर दिसायच्या. टाकून द्या म्हणून सांगितलेला मास्क यांनी टाकला नव्हता. त्यात दाट प्लास्टर थापून तिचा चेहरा काढला होता, आणि मागचं डोकं टेपच्या मापाने पुरं केलं होतं.

माणूस गेल्यावर त्याच्या फोटोला हार घालतात. आणि हे तर आधीच पुतळा करून मोकळे झाले!

नंदा तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं, भात लावला, काकडीची कोशिंबीर केली, आणि संध्याकाळी पानं मांडताना निशिकांतच्या ताटासमोर ते डोकं ठेवून दिलं.

निशिकांत आत आला, बॅग खाली ठेवायला वाकला, आणि अर्ध्यावरच थांबला.

"किती दिवस दिलेत मला डॉक्टरांनी?" नंदाने विचारलं. "खरं सांगा. अल्सर आहे म्हणून सांगू नका, ती थाप माझीच आहे."

निशिकांत खुर्चीत बसला. प्लास्टरची नंदा आणि खरी नंदा, दोघींकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

"तू स्कॅनला गेलीच नव्हतीस," तो म्हणाला.

नंदाने हातातला भाताचा डाव खाली ठेवला.

"हॉस्पिटलमधून मला फोन आला. पेशंट आलीच नाही, नवी तारीख देऊ का, म्हणाले. मी ऑक्टोबरमधली घेतली. आणि तू मला म्हणाली होतीस, सगळं ठीक आहे." त्याने ते डोकं आपल्यासमोरून बाजूला सरकवलं. "माझ्या आईला तू सांगायचीस ना, अगदी तस्संच. मला कळेना की तू भीतीपोटी स्कॅनला गेली नाहीस, की तुलाच आतून काही कळलंय आणि तू आमच्यापासून लपवतेयस. झोप उडाली माझी."

"मग विचारलं का नाही?"

"आईच्या वेळी तू कुणाला काय विचारू दिलंस?"

हे खरं होतं, म्हणून नंदाने पटकन विषय बदलला. "आणि ही भुताटकी कशासाठी?"

मग निशिकांतने शेल्टरमधून कापडात गुंडाळलेल्या तीन वस्तू आणल्या. पहिला प्लॅस्टिकचा मोठा पारदर्शक गोल, मागून कापून उघडा केलेला. दुसरा त्याहून लहान. तिसरा पांढरा, घट्ट, चेहऱ्यासमोर आडव्या पट्ट्या असलेला, एमआरआयमधल्या पिंजऱ्यासारखा. अॅक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्या विश्वास नावाच्या मित्राकडून त्याने पहिले दोन ओतून घेतले होते; तिसऱ्याचा अजून पुठ्ठ्याचा नमुनाच होता. कॉरिडॉरमधला फोन तिसऱ्यासाठी विश्वासलाच होता.

"अंतराळात जाणारे घट्टमधून सुरू झाले आणि मोकळ्यापर्यंत आले," निशिकांत म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती. "तुला उलटं न्यायचं. आधी मोठा, त्यात मान हवी तशी फिरव. सवय झाली की मधला. मग हा. घरातच, जमिनीवर पडून. तुझ्या मापाचा व्हायला हवा होता, म्हणून हे डोकं, आणि माप मागितलं असतं तर स्कॅनचं नाव काढावं लागलं असतं."

"आणि शिरा?"

"कसं सांगावं ते सुचेना. सुचेनासं झालं की या घरात शिराच करतात ना?"

नंदाने ते ऐकून घेतलं. बहुतेक पटलंही. पण एवढ्यावर फाइल बंद करणारी ती नव्हे. "गेल्या वर्षी मी कपडे बदलत होते, तेव्हा डॉक्टर तुम्हाला बाहेर काय म्हणाल्या?"

"कॅल्शियमच्या गोळ्या घेते का, विचारलं."

"एवढंच?"

"एवढंच गं!"

त्याच्या बोलण्यात खोट सापडेना, आणि सापडत नाही म्हणून विश्वासही बसेना. आपण या घरात काय पेरून ठेवलंय, ते तिला त्या क्षणी दिसलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी तिने अट घातली. "मी स्कॅनला जाईन. पण रिपोर्ट ऐकायला मी एकटी आत जाणार. तुम्ही बाहेर बसायचं. माझ्याआधी कुणालाही काहीही कळता कामा नये."

मग रोज जेवणानंतर शेल्टरमध्ये चटई पडू लागली. पहिल्या दिवशी मोठ्या गोलातसुद्धा नंदाला धाप लागली. निशिकांत तिच्या पायाचा अंगठा धरून बसला आणि हेल्मेटांचा इतिहास पहिल्यापासून सांगू लागला. राधिकाने फोनवर एमआरआय मशीनचा ठक-ठक आवाज शोधून काढला आणि वाढवत वाढवत नेला. "Aai, you look like goldfish lah!" तिच्या या बोलण्यावर नंदाला आतल्या आत हसू आलं आणि काच धुक्याने भरली. नाकाला खाज तर दर वेळी सुटायची. पट्ट्यांच्या पिंजऱ्यात ती पहिल्यांदा न उठता पडून राहिली, त्या दिवशी निशिकांतने तोंड फिरवून डोळे पुसले. नंदाने ते पाहिलं, आणि हा नक्की कशासाठी रडतोय, हा किडा पुन्हा डोक्यात वळवळून गेलाच.

ऑक्टोबरात स्कॅन झाला. नंदा पिंजऱ्यात पडून राहिली. डोळे मिटून तिने त्या मोठ्या गोलात मान फिरवत असल्याची कल्पना केली, आणि ते पार पडलं. पुढच्या आठवड्यात रिपोर्टसाठी बोलावलं. अटीप्रमाणे निशिकांत तिची पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसला आणि ती एकटी आत गेली.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर तिच्या डोक्याचं चित्र लावलं. जुनी जागा शांत आहे, त्या म्हणाल्या. पण बाजूला एक बारीक ठिपका दिसतोय. बहुतेक जुन्या रेडिएशनचाच वण असावा, पण खात्रीने आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

"तुम्ही माझ्यापासून काही लपवत नाही ना?" नंदाने विचारलं.

"तुमच्यापासून लपवून मी सांगू कुणाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोकं तुमचं आहे."

नंदा बाहेर आली. निशिकांत उभा राहिला. त्याचा चेहरा पाहिला आणि तिच्या ओठांवर ते शब्द आयते आले. सगळं ठीक आहे. किती सोपं होतं! तीन महिने तरी हा शांत झोपला असता. घरी जाऊन तिने तुपात रवा भाजायला घेतला असता, आणि...

आणि तिला सासूबाई आठवल्या. छान झालाय गं नंदा, पण रोज रोज शिरा नको करूस. त्यांना गोडाचा कंटाळा आला नव्हता. त्यांना सगळं कळलं होतं. रव्याचा वास आला की त्या घाबरत होत्या, आणि सून इतकी मेहनत घेतेय म्हणून एकट्याच घाबरत होत्या, वर्षभर.

"एक ठिपका आहे," ती म्हणाली. "वण असेल म्हणतात, पण खात्री नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन."

निशिकांत तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दह्याच्या डब्यावरची तारीख ती जशी बघते, अगदी तसा.

"एवढंच?" तो म्हणाला. "नंदा, खरं सांग. एवढंच म्हणाल्या?"

तिला आधी राग आला. एवढं आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगितलं, तर याला ते खोटं वाटावं! मग राग गेला. चूक त्याची नव्हती. तिने त्याच्या हातातली पर्स घेतली, मनगट धरलं आणि डॉक्टरांच्या दारावर टकटक केली.

"यांना पुन्हा एकदा सांगा," ती आत शिरत म्हणाली. "माझ्यासमोर."

डॉक्टरबाईंनी दुसरी खुर्ची ओढून दिली. पडद्यावरचं चित्र पुन्हा लागलं, आणि तेच शब्द त्यांनी त्याच क्रमाने सांगितले. निशिकांतचा हात नंदाच्या हातात गार पडला होता. तिचाही गारच होता.

लिफ्टपाशी आल्यावर त्याने बटण दाबलं. "घरी गेल्यावर काहीतरी गरम करू का खायला?"

"करा," नंदा म्हणाली. "पिठलं करा, नाहीतर पोहे करा. शिरा नको."